एका जनुकाचा इतिहास आणि पालघर जिल्हा

व्याख्यानमाला इतिहासाची, आणि आजचा विषय मात्र एक जनुक, त्यापासून बनणारं एक प्रथिन आणि त्यामुळं पिढ्यान्‌पिढ्या चालत येणारे रक्ताचे आजार. हे इथं कसं काय, असं काहींच्या मनात आलं असेल. त्याचं उत्तर द्यायला आम्ही एका प्रश्नापासूनच सुरुवात करतो.

पालघर-बोईसर भागात रक्ताच्या आनुवंशिक आजारांविषयी बोलायला उभं राहिलं, की शेवटी कोणीतरी उठतं आणि विचारतं, ‘हे तारापूरमुळं होतं का हो?’ तारापूर म्हणजे अणुवीज केंद्र. कधी प्रश्न थोडा बदलतो, ‘एमआयडीसीच्या पाण्यामुळं होतं का?’ पाड्यावर गेलात तर तिसरं रूप ऐकू येतं, ‘कोणी काही केलं असेल का?’ तिन्ही प्रश्नांमागं एकच वेदना आहे. माझ्या लेकराच्या वाट्याला हे का आलं?

या प्रश्नाला हसू नये. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या सांडपाण्याचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला आहे. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या टप्प्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांना गाव सोडावं लागलं. ज्यांनी हे पाहिलंय त्यांनी संशय घेतला तर त्यात वेडेपणा काही नाही. पण सिकलसेल या आजारापुरतं बोलायचं, तर उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे, आणि ते तारखांनीच देता येतं. तारापूरची पहिली वीज 1969 सालची. पश्चिम भारतातल्या काही आदिवासी जमातींच्या रक्तात सिकलसेलचं लक्षण आहे, हे छापून आलं 1956 साली. म्हणजे केंद्र सुरू व्हायच्या तेरा वर्षं आधी. आणि जनुकातला तो बदल तर हजारो वर्षं जुना. केंद्रामुळं झाला असता, तर तो निलगिरीच्या डोंगरात, सौदी अरबस्तानात आणि आफ्रिकेत सापडला नसता.

म्हणून हा विषय इतिहासाचा. हे जनुक कुठून आलं, टिकलं का, आणि शास्त्रज्ञांना कळल्यावर ते पाड्यावर कळायला इतकी वर्षं का लागली, हे तीन प्रश्न आज घेऊ. पहिल्या दोहोंची उत्तरं समाधानकारक आहेत. तिसऱ्याचं नाही.

आधी जनुकाची ओळख. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन असतं. फुप्फुसात प्राणवायू उचलायचा आणि अंगभर पोचवायचा, हे त्याचं काम. मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनचा एक रेणू चार साखळ्यांचा असतो, दोन अल्फा आणि दोन बीटा. यातली बीटा साखळी कशी घडवायची, याची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते त्याला एचबीबी म्हणतात. ते अकराव्या गुणसूत्रावर असतं. आपल्या प्रत्येकात त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. जनुक तसं लहानच, सोळाशेच्या आसपास अक्षरांचं. त्यातून 146 अमिनो आम्लांची साखळी तयार होते.

आता या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवं. जनुकात तिथं जीएजी अशी तीन अक्षरं असतात. मधल्या ‘ए’च्या जागी ‘टी’ आलं, म्हणजे जीटीजी झालं, की ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसतं. बदल एवढाच. पण ग्लुटामिक आम्लाला पाणी मानवतं, व्हॅलीनला मानवत नाही. प्राणवायू सोडून दिलेले असे रेणू पाण्यापासून अंग चोरून एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब दोर तयार होतात, आणि गोल, लवचिक पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकडी होते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून सिकलसेल.

वाकडी पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते. मागून येणाऱ्या पेशी तिच्यामागं तुंबतात. पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही, आणि मग वेदना सुरू होते. ज्यांनी हे दुखणं जवळून पाहिलंय त्यांना शब्दांची गरज नाही. हाडांतून कळ येते, माणूस गडाबडा लोळतो. शिवाय साधी तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, ही विळ्याची पेशी 10 ते 20 दिवसांत मोडते. म्हणून रक्त कायम कमी, डोळे पिवळसर.

दोन प्रतींपैकी एकच बदललेली असेल, तर माणूस वाहक. दवाखान्याच्या कागदावर ‘एएस’ लिहितात. दुसरी चांगली प्रत पुरेसं काम करते, वाहक सहसा धडधाकट असतो. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर ‘एसएस’, म्हणजे आजार. हा फरक नीट लक्षात ठेवा, पुढं त्यावरच सगळं येणार आहे.

आता इतिहासाकडं. 1910 साली शिकागोत डॉ. जेम्स हेरिक यांनी एका तरुणाच्या रक्तातल्या विचित्र, लांबट, विळ्यासारख्या पेशींचं वर्णन छापलं. तो तरुण होता वॉल्टर क्लेमेंट नोएल, कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला. शिकून तो बेटावर परतला, तिथं व्यवसाय केला आणि 1916 साली न्यूमोनियानं गेला. आफ्रिकेत हा आजार अर्थातच शतकानुशतकं होता. तिथल्या आयांना तो ठाऊक होता. वैद्यकाच्या पुस्तकात मात्र तो 1910 ला आला. ही गोष्ट लक्षात असू द्या, कारण आपल्याकडंही हेच घडलं.

1949 साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की सिकलसेलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात ठेवलं तर ते साध्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीनं सरकतं. म्हणजे दोष पेशीत नाही, रेणूतच आहे. ‘रेणूचा आजार’ हा शब्द वैद्यकात तिथून आला. त्याच वर्षी आफ्रिकेत बीट यांनी आणि अमेरिकेत नील यांनी स्वतंत्रपणे सांगितलं, की रुग्णाचे आईबाप दोघंही वाहक असतात.

मग येतं 1956. त्या वर्षी केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्राम यांनी हिमोग्लोबिनचे तुकडे करून फरक नेमका कोणत्या तुकड्यात आहे ते पकडलं, आणि पुढच्या वर्षी ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन आलंय हे सांगितलं. माणसाच्या एखाद्या आनुवंशिक आजाराचं कारण इतक्या बारकाईनं कळण्याची ही पहिली वेळ. आणि त्याच 1956 मध्ये, ‘करंट सायन्स’ या आपल्याकडच्या नियतकालिकात, मुंबईच्या सुकुमारन, संघवी आणि व्यास यांचा छोटासा निबंध आला. पश्चिम भारतातल्या काही आदिवासी जमातींमधलं सिकलसेलचं लक्षण, हा त्याचा विषय.

मुंबईत तेव्हा रक्ताच्या अभ्यासाचे दिवस होते. 1952 साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे रक्तगट’ जगासमोर आणला होता. डॉ. खानोलकर आणि संघवी वेगवेगळ्या समाजांच्या रक्तातली आनुवंशिक लक्षणं मोजत होते. 1957 साली मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झालं. तीच आज केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्तशास्त्र संस्था. भारतात सिकलसेलची पहिली नोंद 1952 सालची, निलगिरीतली आणि आसामच्या चहामळ्यांतली. 1958 साली नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी यांनी मध्य भारतातली नोंद केली, आणि विदर्भात आदिवासी नसलेल्या समाजांतही हे जनुक आहे, हे पुढं स्पष्ट झालं.

1956 साली महाराष्ट्र-गुजरात ही सीमाही नव्हती, ती आली 1960 साली. डहाणू, तलासरी, उंबरगाव, धरमपूर हा सगळा एकच पट्टा. कोकणा, धोडिया, दुबळा, वारली ही माणसं आजही या रेषेच्या दोन्ही बाजूंना राहतात, सोयरिकी करतात. पालघर जिल्हा तर 1 ऑगस्ट 2014 चा. जनुकाला यातलं काही ठाऊक नसतं. ते सोयरिकीच्या वाटेनं जातं.

आता दुसरा प्रश्न. इतकं घातक जनुक टिकलं कसं? जुन्या काळी एसएस मूल बहुधा मोठं होण्याआधीच जायचं. प्रत्येक पिढीत असं झालं तर जनुक कमी कमी होत संपायला हवं. ते संपलं नाही, उलट काही ठिकाणी चांगलंच पसरलं.

याचं उत्तर 1954 साली अँथनी ॲलिसन यांनी दिलं. ते केनियात वाढलेले. त्यांच्या ध्यानात आलं, की जिथं मलेरिया फार, तिथं सिकलसेलचे वाहक फार. मग त्यांनी दाखवलं, की वाहकाला मलेरिया झाला तरी तो सहसा जीवघेणा होत नाही. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीतच वाढतो, आणि वाहकाच्या पेशीत त्याचं नीट जमत नाही. म्हणजे मलेरियाच्या मुलखात तीन प्रकारची मुलं जन्मतात असं धरा. दोन्ही प्रती साध्या असलेलं मूल तापानं जाऊ शकतं. दोन्ही बदललेलं मूल सिकलसेलनं जातं. मधलं, वाहक मूल जगतं, मोठं होतं, आणि जनुक पुढं देतं. हा हिशेब हजारो वर्षं चालला.

आमच्या मते या व्याख्यानातून घरी न्यायची गोष्ट असेल तर ती हीच. हे जनुक म्हणजे कोणाचं पाप नाही, करणी नाही, रक्ताची नासाडी नाही. ज्यांनी जंगलात, ओढ्याकाठी, डासांच्या मुलखात पिढ्या काढल्या, त्या पूर्वजांच्या जगण्याची ही खूण आहे. तुमचा पणजोबा लहानपणी तापातून उठला, तो कदाचित यामुळंच. तो उठला नसता तर तुम्ही आज इथं नसता.

भारतातल्या सिकलसेलचा उगम आफ्रिकेतल्यापेक्षा वेगळा असावा, असं 1986 साली एका मोठ्या अभ्यासानं मांडलं. जनुकाच्या आजूबाजूची अक्षरं पाहिली तर भारत आणि पूर्व अरबस्तानातला नमुना सारखा, आफ्रिकेतले नमुने निराळे. 2018 साली दुसऱ्या अभ्यासानं उलट सांगितलं, की उगम एकच, सुमारे 7300 वर्षांपूर्वीचा. हा वाद चालू राहील. आपल्यासाठी महत्त्वाचं हे, की या अरब-भारतीय नमुन्याच्या रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकतं. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात बीटा साखळी नसते. म्हणून तर एसएस बाळ जन्मताना ठणठणीत दिसतं आणि सहा महिन्यांनी, ते हिमोग्लोबिन ओसरल्यावर, हातापायांची बोटं सुजून रडायला लागतं. हे हिमोग्लोबिन जितकं टिकेल तितका आजार सौम्य. म्हणून आपल्याकडचे काही रुग्ण पन्नाशी-साठीपर्यंतही जातात. पण ‘भारतीय सिकलसेल सौम्य असतो’ हे वाक्य एखाद्या कळवळणाऱ्या पोराच्या आईला ऐकवू नका. सरासरी सौम्य असते, पोर नसतं.

आता तिसरा प्रश्न, समाधान न देणारा. 1953 साली देशात मलेरिया नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. डीडीटीची फवारणी झाली, ताप घटला. म्हणजे ज्या कारणासाठी हे जनुक टिकलं होतं, ते कारणच कमी होत गेलं. फायदा आटला, तोटा राहिला. बरोबर त्याच दशकात शास्त्रज्ञांना हे जनुक या पट्ट्यात सापडलं. वेळ अशी जुळून आली होती, की तेव्हाच लोकांना सांगता आलं असतं. झालं काय? रक्ताचे नमुने मुंबईला गेले, टक्केवारी इंग्रजी नियतकालिकात छापली गेली. पाड्यावर ‘सिकलसेल’ हा शब्द पोचायला आणखी कित्येक दशकं गेली.

त्या संशोधकांना दोष द्यायचा आमचा हेतू नाही. त्यांच्या हातात तेव्हा औषध नव्हतं, आणि त्यांनी मोजलं नसतं तर आज आपल्याला काहीच कळलं नसतं. पण तो काळ आठवा. 1945 साली तलासरीजवळच्या झरीत वारली एकत्र आले आणि वेठबिगारी नाकारली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायकोनं जन्मभर सावकाराकडं राबायचं, या लग्नगडी पद्धतीविरुद्ध ते उभे राहिले. त्याला जेमतेम अकरा वर्षं झाली असताना हा निबंध आला. आपले हक्क काय हे विचारायला शिकलेला समाज समोर होता. त्याच्याच रक्ताविषयी त्याला सांगावं, हे मात्र कोणाच्या कामाच्या यादीत नव्हतं. पुढं महाराष्ट्रात ज्या मोजक्या मंडळींनी हे ज्ञान उलट दिशेनं, प्रयोगशाळेतून पाड्याकडं नेलं, त्यांत डॉ. सुदाम काटे यांचं नाव घ्यावंच लागतं. 2019 साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्या निमित्तानं अनेकांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

उशिराची किंमत कशी मोजायची? एक उदाहरण घेऊ. 1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालमृत्यू झाले आणि राज्य हादरलं. ते मृत्यू भुकेचे आणि कुपोषणाचे होते. ते सिकलसेलवर ढकलणं हा खोटेपणा होईल, आणि तसं कोणी करू लागलं तर त्याला थांबवा. पण याची दुसरी बाजूही आहे. कुपोषण जिथं सगळीकडं आहे, तिथं प्रत्येक फिकट मूल ‘कुपोषित’ याच रकान्यात जातं. त्यातल्या एखाद्याला सिकलसेल असेल तर ते दिसतच नाही. त्याला लोहाची गोळी मिळते, ताप आला की इंजेक्शन मिळतं, सांधे दुखले की वाताचं औषध मिळतं. मूळ कारण कोणी विचारत नाही. भुकेला भूक म्हणायचं आणि सिकलसेलला सिकलसेल, दोन्ही जमलं पाहिजे.

दुसरं उदाहरण वीटभट्टीचं. पावसाळा सरला की जव्हार-मोखाडा-विक्रमगडची कुटुंबं वाडा, वसई, भिवंडीकडं भट्ट्यांवर जातात. ऊन, तहान, दमणूक, पहाटेची थंडी, या चार गोष्टी सिकलसेलची कळ उठवणाऱ्या. भट्टीवर त्या चारही असतात. डॉक्टर सांगतो भरपूर पाणी प्या, आणि भट्टीवर पाणी दूरवरून डोक्यावरून आणायचं. सल्ला चुकीचा नाही. पण तो पाळायचा कसा, हा प्रश्न जनुकाचा नाही, मजुरीचा आहे. एकच जनुक घेऊन जन्मलेली दोन मुलं, एक भट्टीवर आणि एक पंख्याखाली, सारखी जगत नाहीत.

आता जरा बोईसर स्टेशनवर येऊ. आतापर्यंत आम्ही एचबीबी जनुकातल्या एकाच बदलाविषयी बोललो. पण याच जनुकात इतर शेकडो बदल सापडलेत. काही बदलांमध्ये बीटा साखळी वाकडी होत नाही, ती बनतच नाही किंवा फार कमी बनते. त्याला बीटा थॅलेसेमिया म्हणतात. 1925 साली डेट्रॉइटच्या डॉ. कूली यांनी त्याचं वर्णन केलं. आजार तीव्र असेल तर मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं, आणि त्या रक्तातून साठणारं लोह काढायला वेगळं औषध. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांत याचं प्रमाण जास्त. बंगाल आणि ईशान्येकडं याच जनुकाचा ‘ई’ प्रकार दिसतो, त्यात सव्विसाव्या जागी बदल असतो. पंजाबकडं ‘डी’ प्रकार, बदल 121 व्या जागी. ओडिशा-छत्तीसगडात पुन्हा आपला ‘एस’.

सकाळच्या गाडीनं बोईसरला उतरणारी गर्दी डोळ्यांसमोर आणा. डहाणूचा वारली पोरगा, ओडिशाचा फिटर, बंगालचा गवंडी, उत्तर भारतातला हेल्पर, बाजारपेठेतला कच्छी दुकानदार. एमआयडीसीनं सगळा देश इथं आणलाय, आणि त्या गर्दीत एकाच जनुकाची चार-पाच वेगवेगळी स्पेलिंगं चालत असू शकतात. त्यांची पोरं इथंच वाढतात, इथंच लग्नं करतात. आणि इथं एक गोष्ट फार महत्त्वाची. आई सिकलसेलची वाहक आणि बाप थॅलेसेमियाचा वाहक असेल, तरी मुलाला आजार होऊ शकतो. दोघांच्या घरी ‘आमच्यात सिकलसेल नाही’ किंवा ‘आमच्यात थॅलेसेमिया नाही’ असं म्हणतील, आणि दोघंही खरं बोलत असतील.

म्हणून ‘सिकलसेल हा आदिवासींचा आजार’ हे वाक्य बोईसरमध्ये तरी अपुरं आहे. तपासणीची पहिली चाचणी, सोल्युबिलिटीची, फक्त ‘एस’ आहे की नाही एवढंच सांगते. वाहक आणि रुग्ण यांतला फरक ती सांगत नाही, आणि थॅलेसेमिया तर तिला दिसतच नाही. ‘पॉझिटिव्ह’ आलं की घाबरून घरी बसायचं नाही, पुढची एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी करून घ्यायची. तिथंच एएस की एसएस की आणखी काही, ते कळतं.

आणि मग येतो लग्नाचा प्रश्न. इथं सगळ्यात जास्त नुकसान होतं, आणि ते आजारानं नाही, अर्धवट माहितीनं होतं. ‘पत्रिका नको, रक्त जुळवा’ अशी घोषणा आपण ऐकली असेल. हेतू चांगला आहे. पण ज्या वारली घरात सहसा पत्रिका पाहतच नाहीत, तिथं ही घोषणा कोणाला सांगायची? तिथं होतं असं, की मुलीच्या कार्डावर ‘वाहक’ लिहिलेलं दिसतं आणि मुलगी ‘आजारी’ ठरते. स्थळ परत जातं. मुलाचं कार्ड कोणी मागत नाही. मग पुढच्या वेळी घरचे मुलीची तपासणीच टाळतात.

हिशेब नीट समजून घ्या. एक वाहक आणि एक साधा, यांच्या मुलांना सिकलसेलचा आजार होत नाही, फार तर मुलं वाहक होतील. दोघं वाहक असतील तरच धोका, आणि तो प्रत्येक गरोदरपणात नव्यानं. चारात एक शक्यता आजाराची, चारात दोन वाहकाची, चारात एक साध्या बाळाची. ‘एक मूल आजारी झालं, आता पुढची तीन चांगली’ असं गणित नसतं. नाणं मागचं काही लक्षात ठेवत नाही. दोघं वाहक असले तरी लग्न करू नका, असं आम्ही म्हणत नाही. तो त्यांचा निर्णय. गर्भाची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांत करता येते, आणि पुढं काय करायचं हे समुपदेशन घेऊन त्या दोघांनी ठरवायचं. पण आधी दोघांनाही माहीत असलं पाहिजे. दोघांनाही, नुसतं मुलीला नाही.

आज परिस्थिती बदलतेय, हे मान्य करायला हवं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे दोन्ही आले. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशात शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, 7 कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य घेऊन. हायड्रॉक्सियुरिया ही गोळी कळ येण्याचं प्रमाण घटवते, हे 1995 च्या मोठ्या चाचणीत सिद्ध झालं. ती काम कशी करते? गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवून. आपल्या पट्ट्यातल्या काही रुग्णांना निसर्गानं जे थोडंफार दिलंय, तेच ही गोळी वाढवते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्ताच्या तपासण्या करत घ्यायची असते. 2023 च्या अखेरीला ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक-संपादनाचा उपचारही मंजूर झाला. तोही तेच हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतो. अमेरिकेत त्याची किंमत ठेवली 22 लाख डॉलर. वीटभट्टीवरच्या माणसाला हा आकडा सांगण्यात अर्थ नाही. त्याला गोळी वेळेवर मिळावी, उपकेंद्रात ती संपलेली नसावी आणि भट्टीवर गेल्यावरही त्याचं कार्ड चालावं, हे आधी.

‘निर्मूलन’ या शब्दाविषयी एक सांगून थांबतो. मलेरियाचं निर्मूलन म्हणजे परजीवी संपवणं. सिकलसेलचं तसं नाही. हे जनुक माणसांत आहे. ते संपवायचं म्हणजे कोणाला संपवायचं? एसएस बाळ जन्मलं तर ते नकोसं नाही. त्याला लस, पेनिसिलिन, गोळी, पाणी, शाळा मिळाली पाहिजे. संपवायचा आहे तो अज्ञानातला जन्म आणि निदानावाचूनचा मृत्यू.

सुरुवातीच्या प्रश्नाकडं परत येऊ. ‘हे तारापूरमुळं होतं का हो?’ नाही. हे तुमच्या आईबापांकडून आलं, त्यांना त्यांच्या आईबापांकडून. त्यांनी काही वाईट केलं नाही. उलट त्यांनी तुम्हाला जगवलं. 1956 साली जे छापलं गेलं ते तुमच्यापर्यंत यायला इतका वेळ लागला, याची जबाबदारी जनुकाची नाही, आमच्यासारख्या शिकलेल्यांची आहे. ती थोडीशी फेडायला आज आम्ही इथं आलो. घरी गेल्यावर दोन कामं करा. स्वतःची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. आणि कार्डावर ‘वाहक’ लिहिलेली एखादी मुलगी तुमच्या ओळखीत असेल, तर तिच्या घरी जाऊन सांगा, की ती आजारी नाही.